जुन्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग जड झालंय? आधी टायर बघा, रॅक सगळ्यात शेवटी

सेकंडहँड गाडी घेतली, काही महिने बरी चालली, आणि आता राजवाड्याच्या मागच्या गल्लीत ती वळवायची म्हटलं की खांदे भरून येतात. इंदूरात हे गाऱ्हाणं घेऊन गॅरेजात गेलात की मिस्त्री स्टेअरिंग एकदा इकडून तिकडे फिरवतो आणि निकाल देतो, "रॅक गया, साहब." कधी कधी तो खरंच गेलेला असतो. पण रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं डावी-उजवीकडे ढकलणारा भाग, हा या साखळीतला सगळ्यात महाग, आणि जडपणाची बरीचशी कारणं त्याच्या अलीकडेच सापडतात. काहींना तर एक रुपयाही लागत नाही. म्हणून तपासाचा क्रम फुकटाकडून महागाकडे असावा. मिस्त्रीचा क्रम अनेकदा उलटा असतो. तो लबाड असतो असं नाही, पण एकेक गोष्ट वगळत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. तुमच्याकडे रविवारची सकाळ आहे.

गाडीत कोणतं स्टेअरिंग आहे?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण वडिलांची मारुती ८०० किंवा ओम्नी हातात आलेली नवी मंडळी "स्टेअरिंग जड आहे" म्हणत येतात तेव्हा त्यांना सांगावं लागतं, की त्यात पॉवर स्टेअरिंग नाहीच. ती उभी असताना वळवायला जडच असते, थोडी सरकू द्या आणि मग वळवा.

बाकी गाड्यांत दोन मुख्य प्रकार. बॉनेट उघडा. प्लॅस्टिकची एक छोटी डबी दिसली, झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असलं आणि तिच्यातून दोन नळ्या निघाल्या असल्या, तर तुमची गाडी तेलावर चालणारी, म्हणजे हायड्रॉलिक. स्कॉर्पिओ, क्वालिस, पहिली इनोव्हा, पॉवर स्टेअरिंगवाली बोलेरो या सगळ्या त्या जातीच्या. इंजिनावरचा पट्टा पंप फिरवतो, पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल रॅकच्या आतला दट्ट्या ढकलतं. डबी कुठेच नसेल तर बहुतेक इलेक्ट्रिक. वॅगन-आर आणि २००५ नंतरची स्विफ्ट यांच्यात एक मोटर स्टेअरिंगला हात देते आणि तेलाचा संबंधच नसतो. इलेक्ट्रिकवाल्यांनी टायर आणि चाकं उचलण्याचा भाग वाचून तेलाचा भाग सोडला तरी चालेल.

जड कधी होतं, ते आधी पकडा

हत्यार हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस फक्त लक्ष ठेवा आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवा. "जड आहे" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. "सकाळी जड, पाटणीपुऱ्यापर्यंत पोचलो की हलकं" यावरून खूप कळतं.

उभ्या गाडीत जड, पण रेस दिली की हलकं होत असेल तर संशय ढिल्या पट्ट्यावर, थकलेल्या पंपावर किंवा इंजिनाच्या फार खाली बसलेल्या आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं त्यावर. थंडीत सकाळी जड आणि गाडी तापली की ठीक असेल तर जुनं घट्ट तेल, नाहीतर रॅकच्या आतल्या सीलच्या कड्या. जानेवारीत इंदूरचा पारा दहाच्या खाली गेला की ही तक्रार वाढते. उलट सकाळी ठीक आणि दुपारच्या ट्रॅफिकमध्ये जड होत असेल तर पंप झिजलेला असू शकतो, कारण तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपाच्या आतल्या आतच निसटतं. एकाच बाजूला जड असेल तर पंपाला दोष देऊ नका, पंपाला डावं-उजवं कळत नाही. ती रॅकच्या व्हॉल्व्हची किंवा त्या बाजूच्या सांध्यांची भानगड. हळू फिरवलं तर ठीक आणि झटक्यात फिरवलं की मध्येच अडकल्यासारखं होत असेल तर पट्टा घसरतोय किंवा तेल कमी आहे.

आणखी एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात बरोबर दोन जागी जड आणि दोन जागी हलकं लागत असेल, तर तो रॅकही नाही आणि पंपही नाही. स्टेअरिंगच्या दांड्यावर खाली जो क्रॉस, म्हणजे दांड्याचे तुकडे जोडणारा सांधा, असतो तो गंजून आखडला आहे. पावसाळ्यात चिखल-पाणी खालून उडतं, ग्रीस वाहून जातं आणि क्रॉस अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यावर अडतो. त्याचा खर्च रॅकच्या पासंगालाही पुरत नाही.

या सगळ्यासाठी मोकळी जागा हवी. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तो कंपन्यांना लखलाभ. आपल्याला सकाळचं दसरा मैदान पुरे. चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचे दोन-चार फेरे मारा, खिडक्या उघड्या, रेडिओ बंद.

जॅक काढण्याआधी टायर

पुढच्या टायरांत हवा कमी असेल तर जगातलं उत्तम पॉवर स्टेअरिंगही जड लागतं. टायर थंड असताना हवा मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंपावरचा पोरगा सगळ्याच गाड्यांत एकच आकडा भरतो, त्याला आपला आकडा सांगा.

मग टायरची रुंदी बघा. आधीच्या मालकाने हौसेने अलॉय आणि रुंद टायर चढवलेले असतील, तर जडपणाचं उत्तर तिथेच आहे. ती दुरुस्ती नाही, निवड आहे. रुंद टायर ठेवायचे असतील तर जडपणासह ठेवा. पुढून ठोकून नीट केलेल्या गाडीत अलाइनमेंट, त्यातही कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव, बिघडलेला असतो. त्यानेही स्टेअरिंग जड होऊ शकतं, किंवा वळणानंतर सरळ यायचं तसं येत नाही.

चाकं उचला: सगळ्यात उपयोगी चाचणी

सपाट, टणक जागा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा किंवा ओंडके लावा, पुढची दोन्ही चाकं उचला आणि गाडी स्टँडवर, म्हणजे गॅरेजातल्या घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. घोडी नसेल तर ही चाचणी गॅरेजात करून घ्या, पण स्वतः तिथे उभं राहून.

इंजिन बंद, किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक मोकळं केलेलं. आता स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. तेलाचा थोडा ओढा जाणवेल, पण तो दोन्हीकडे सारखा असावा आणि दोन हातांनी आरामात फिरावं. असं असेल तर लोखंडी भाग ठीक आहेत, दोष मदत देणाऱ्या बाजूला, म्हणजे पंप, तेल किंवा मोटरकडे. चाकं हवेत असूनही घट्ट असेल किंवा खरखरत, अडखळत फिरत असेल तर तेलाला हात लावू नका, कुठलातरी सांधा आखडलाय.

कुठला, ते शोधायचं असेल तर मिस्त्रीकडून दोन्ही टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांची टोकं, चाकापासून सोडवून घ्या. आता दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. स्टेअरिंग फिरवून बघा: अजून घट्ट असेल तर दोष क्रॉस, कॉलम किंवा रॅकमध्ये. ते हलकं झालं असेल तर एकेक चाक हाताने डावी-उजवीकडे वळवा. जे चाक घट्ट, त्या बाजूचा बॉल जॉइंट नाहीतर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. त्या बेअरिंगची आणखी एक खूण आहे. टाय रॉड परत जोडून गाडी खाली उतरवल्यावर, इंजिन बंद ठेवून, कोणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही कॉइल स्प्रिंगला बाहेरून तळहात टेकवून ठेवा. बोटं कड्यांच्या मध्ये घालू नका. स्प्रिंग आधी पीळ खाऊन मग "टण्ण" करून सुटली तर बेअरिंग गेलं. हे वीस मिनिटांचं काम न केल्यामुळे लोक पंप बदलतात, जडपणा तसाच राहतो, मग रॅक बदलतात.

काही जुन्या जीपवजा गाड्यांत रॅकच्या जागी स्टेअरिंग बॉक्स असतो आणि त्याच्या डोक्यावर प्ले, म्हणजे स्टेअरिंगची ढिली, रिकामी हालचाल, कमी करायचा स्क्रू. "स्टेअरिंगमध्ये प्ले आहे" म्हटल्यावर कोणीतरी तो स्क्रू कसून ठेवतो. प्ले जातो, पण स्टेअरिंग अगदी मधोमध जड होतं आणि वळणानंतर आपणहून परत येत नाही. गाडीच्या कागदांत ही गोष्ट कधी लिहिलेली नसते, आधीच्या मालकाला विचारावी लागते. अशा गाड्यांच्या सांध्यांना ग्रीस निपल असेल तर आधी ग्रीसगनने ग्रीस भरून घ्या, कधी कधी तेवढ्यावर भागतं.

तेल: किती, कसं आणि कुठलं

डबीवर किमान-कमाल खुणा असतात, काहींवर थंड आणि गरम अशा वेगळ्या. थंड गाडीत पातळी बघा. कमी असेल तर नुसतं भरून निघून जाऊ नका. ही बंद व्यवस्था आहे, तेल यात पेट्रोलसारखं संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय.

रंग बघायला पांढऱ्या कापडावर दोन थेंब घ्या. ए.टी.एफ. (मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, पण बऱ्याच पॉवर स्टेअरिंगांतही घालतात ते तेल) नवं असताना लाल असतं. तपकिरी झालं तर जुनं झालं, काळं आणि जळका वास असेल तर पंप तापतोय किंवा नळ्यांचं रबर आतून झडतंय. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. फेस असेल तर हवा शिरतेय. फेसाळ तेल दाबलं जातं, ढकलत नाही, म्हणून स्टेअरिंग झटके देत जड होतं आणि पंप कण्हतो.

कुठलं तेल ते डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, तेच घाला. टोयोटाच्या जुन्या गाड्यांना डेक्सरॉन जातीचं ए.टी.एफ. चालतं. जुन्या ह्युंदाईचं तेल वेगळं, होंडाचं स्वतःचं, आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना हिरवं लागतं. लाल-हिरवं मिसळू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. दोन्ही डब्या बॉनेटखाली असतात आणि घाईत अदलाबदल होते. ब्रेक ऑइलने पॉवर स्टेअरिंगची रबरी सीलं फुगतात, आणि मग दुरुस्ती डबीपुरती राहत नाही.

तेल नुसतंच जुनं असेल तर घरी बदलता येतं. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, पुढे सलाइनची नळी जोडा, डबीतलं तेल ओढून घ्या, नवं भरा. इंजिन सुरू करून स्टेअरिंग काही वेळा सावकाश फिरवा, दोन-चार दिवस गाडी चालवा, परत ओढा, परत भरा. तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच. एकूण व्यवस्थेत साधारण लिटरभर तेल असतं, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. डबी रिकामी झालीच आहे तर तळाशी टॉर्च मारा. बऱ्याच डब्यांत बारीक जाळी असते. ती गाळाने बंद झाली की पंपाला तेल मिळत नाही आणि तो ओरडतो. जाळी साफ करून किंवा डबीच बदलून "गेलेले" पंप पुन्हा शांत होतात. पंप विकत घेण्याआधी ही जाळी बघितली का, हे मिस्त्रीला जरूर विचारा.

जुनं तेल नाल्यात ओतू नका. ज्या शहराने स्वच्छतेचे एवढे पुरस्कार घेतले त्याची थोडी लाज बाळगा. बाटलीत भरून गॅरेजात द्या.

पट्टा, नळ्या, पंप

इंजिन बंद करून पट्टा दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. बोटभर रुंदीएवढा दबला तर साधारण ठीक, लोंबला तर ढिला. आतली बाजू काचेसारखी चकचकीत किंवा तडे गेलेली असेल तर बदला. पहिल्या पावसात, पाणी साचलेल्या चौकातून गाडी निघाली की "चीं" आवाज आणि त्याच क्षणी जड स्टेअरिंग, ही घसरणाऱ्या पट्ट्याची सही आहे.

दाबाची नळी फुगलेली, तिच्या धातूच्या टोकाशी ओली असेल तर बदलायचीच. इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका, त्या बारीक धारेचा दाब कातडी फोडू शकतो. पुठ्ठा धरून बघा. गळणारं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल तर गाडी त्या दिवशी चालवू नका, ते पेटतं. परतीची नळी बाहेरून धड दिसते पण आतून चिकटून बंद झालेली असते, ती वाकवून बघा.

पंपाचा खरा निकाल गेजवर लागतो. पंप आणि रॅक यांच्या मध्ये गेज आणि व्हॉल्व्ह लावून, व्हॉल्व्ह काही सेकंदच बंद करून दाब बघतात. पाच सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवला तर चाचणीतच पंप जातो. गाडीगणिक आकडा वेगळा, बहुतेक साध्या गाड्यांत ६० ते १०० बारच्या आसपास, नेमका मॅन्युअलमध्ये. व्हॉल्व्ह बंद असताना दाब कमी असेल तर दोष पंपात. तिथे दाब पुरेसा येतो, पण व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टेअरिंग एका टोकाला दाबून धरलं तरी दाब चढत नाही, तर रॅक आतल्या आत गळतोय. "रॅक गेला" हे वाक्य इतक्या पुराव्यानंतर मान्य करावं. ज्या गॅरेजात गेज नाही तिथे रॅक बदलायला मी तरी सांगणार नाही.

रॅकच्या दोन्ही टोकांच्या रबरी बुटांवर बोट दाबून बघा. आत तेल डचमळत असेल तर टोकाची सीलं गेली. दांडा सरळ आणि गुळगुळीत असेल तर सील किटवर काम भागतं, त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकणार नाही.

इलेक्ट्रिक असेल तर

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १४. स्टेअरिंगची मोटर भरपूर करंट खाते, बॅटरी किंवा अल्टरनेटर मरगळला की कंट्रोल युनिट मदत कमी करतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर आधी निगेटिव्ह सोडवा, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करा. बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर कसलेली आहे का बघा, मग मोठा फ्यूज.

सराफ्यात रात्री पार्किंगला जागा शोधताना गाडी दहा वेळा पुढे-मागे केली आणि स्टेअरिंग अचानक जड झालं, पण घरी येईपर्यंत ठीक, असं झालं तर घाबरू नका. मोटर तापली की युनिट स्वतःच मदत कमी करतं. स्टेअरिंग शेवटच्या टोकापर्यंत फिरवून तिथे दाबून धरायची सवय सोडा. मीटरवर स्टेअरिंगचा दिवा पेटून राहिला तर मात्र युनिटने नोंदवलेला बिघाडाचा कोड स्कॅनर लावून वाचावा लागतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिन वाचतात, स्टेअरिंगचं युनिट वाचत नाहीत. "कोड काही नाही" असं कोणी म्हणालं तर कुठल्या स्कॅनरने बघितलं ते विचारा.

भेरूघाटात जड झालं तर

ओंकारेश्वराहून परतताना घाटात असं झालं तर एवढं लक्षात ठेवा: मदत गेली तरी स्टेअरिंग आणि चाकांचा लोखंडी जोड शाबूत असतो. गाडी वळते, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी धरा, वेग कमी करा, दिवे लावून कडेला घ्या. चालत्या गाडीत किल्ली काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल. इंजिनच बंद पडलं असेल तर ब्रेकची मदतही एक-दोन दाबांत संपते, तेव्हा ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबा.

जडपणाबरोबर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि इंजिनाचं तापमान चढू लागलं तर पट्टा तुटलाय. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. "घरी जाऊन बघू" म्हणून पुढे गेलात तर इंजिनाचं हेड जाईल. तिथेच थांबा.

काम झाल्यावर

नळी, पंप किंवा रॅक उघडला की हवा शिरते. ती काढायला चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवतात, मध्ये मध्ये तेल भरतात, मग इंजिन सुरू करून तेच. बुडबुडे थांबले की झालं. घाईत ही पायरी गाळली की नवा पंपही कण्हतो आणि तुम्हाला वाटतं माल डुप्लिकेट आला. रॅक किंवा टाय रॉडला हात लागला असेल तर अलाइनमेंट करूनच गाडी घ्या. जुने भाग परत मागा.

रात्री पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी लाल ठिपके बघा, आठवडाभर तरी. साधा व्ही-पट्टा नवा असेल तर तो दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडा सैल पडतो आणि परत ताणावा लागतो. त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत, हे गाडी नेण्याआधीच मिस्त्रीशी बोलून ठेवा.